गॉब्लिनकोअर, आपल्या चिखलातलं: बेळगाव-खानापूर भागातल्या नवख्यांसाठी

निसर्ग आवडतो म्हणणाऱ्या बहुतेकांना फुलं, धबधबे आणि धुक्यातला घाट आवडतो. गॉब्लिनकोअर (युरोपातल्या गोष्टींतल्या गॉब्लिन नावाच्या खुज्या भुतावरून नाव पडलेली आवड) ज्यांना भावतं त्यांची नजर त्याच्याही खाली जाते. धबधब्याच्या कडेचा निसरडा दगड, त्यावरचं शेवाळ, शेवाळावरून सरकणारी गोगलगाय, कुजत चाललेलं लाकूड, त्याला फुटलेल्या छत्र्या, बेडूक, गांडूळ, पुष्कळ पायांची वाणी, चिखल. जोडीला सापडलेल्या बारीकसारीक वस्तू असतात: गंजकी किल्ली, बांगडीचा तुकडा, रिकामा शंख, चकाकती गारगोटी. टम्बलर या समाजमाध्यमावर 2010 च्या दशकाच्या उत्तरार्धात ही आवड नाव घेऊन उभी राहिली आणि 2020 च्या लॉकडाऊनमध्ये, माणसं घराच्या आसपासच अडकून पडली तेव्हा, जगभर पसरली. त्याच सुमारास गाजलेल्या कॉटेजकोअरमध्ये झाडलेलं अंगण, ताजा पाव आणि फुलांची परडी असते. गॉब्लिनकोअरला तेच अंगण न झाडलेलं हवं असतं.

सुरुवातीलाच दोन गोष्टी सांगून ठेवते. ऑक्सफर्डनं 2022 चा शब्द म्हणून निवडलेला ‘गॉब्लिन मोड’ वेगळा. तो घरात लोळत, कुणाची पर्वा न करता आळसात राहण्याबद्दल आहे. दुसरी गोष्ट नावाची. युरोपातल्या जुन्या चित्रांत आणि गोष्टींत गॉब्लिनचा चेहरामोहरा ज्यू लोकांची टवाळी करण्यासाठी वापरला गेला, म्हणून काही जण हे नाव टाळून ग्रेमलिनकोअर म्हणतात. आक्षेप रास्त आहे. लांब नाक, सोन्याची हाव असली चित्रं आपण वापरायची नाहीत, एवढं तरी पाळावं. या मंडळींत स्वतःला स्त्री किंवा पुरुष अशा एका चौकटीत न बसवणारे बरेच जण आहेत. चिखलात बसलेल्या माणसाला कुणी ‘असं शोभतं का’ विचारत नाही, हे त्यांना इथं सापडलं. आपल्या गावात असा कुणी सोबत आला तर त्याला तशीच मोकळी जागा द्या.

आता आपल्या भागाकडे येऊ. बेळगाव जिल्हा या कामासाठी विलक्षण आहे, कारण पश्चिमेकडून पूर्वेकडे जाताना जमीन आणि पाऊस दोन्ही झपाट्यानं बदलतात. कणकुंबी, जांबोटी, चोर्ला भागात सह्याद्रीचा धो धो पाऊस आणि तांबडी माती. बेळगाव शहर मधे. पुढं गोकाक, अथणीकडं गेलं की पाऊस ओसरतो आणि काळी माती सुरू होते. मलप्रभा कणकुंबीला उगम पावून पूर्वेला जाते, तर म्हादई त्याच खानापूर तालुक्यातून निघून गोव्याकडं उतरते. त्यामुळं इंग्रजी व्हिडिओत दिसणारी ओली, शेवाळलेली जंगलं बघून हळहळायचं कारण नाही. उलट तिकडं शेवाळ वर्षभर हिरवं असतं. आपल्याकडं ते मरून गेल्यासारखं होऊन परत जिवंत होतं, आणि ते बघणं जास्त थरारक आहे.

पायरी पहिली: वळीव पडला की आपल्याच परड्यात बसा

जंगलात पळू नका. पहिले काही आठवडे घराच्या मागची बाजू, न्हाणीच्या पाण्याची वाट, विहिरीचा कठडा, कंपाउंडची भिंत एवढंच बघायचं. फ्लॅटमध्ये राहत असाल तर गच्चीचा पाणी साचणारा कोपरा आणि जिन्याखालची ओल पुरेशी आहे. शहरात टिळकवाडीच्या व्हॅक्सिन डेपोसारखी जुन्या झाडांची जागा असेल तर उत्तमच. तिथल्या एका बुंध्यापाशी थांबून खालून वर, सालीच्या भेगाभेगांतून बघत जा.

वळीव पडायच्या आधी एखादी भिंत निवडून ठेवा, जिच्यावर काळपट, कोरडी पापुद्री बसली आहे. तेच उन्हाळ्यातलं शेवाळ. शेवाळाला आपल्या झाडांसारखी खरी मुळं नसतात. पानांतूनच ते पाणी पितं आणि पाणी नसलं की वाळून निपचित पडतं. पाऊस लागताच ते फुगतं आणि हिरवं व्हायला लागतं, काही जातींत तर डोळ्यांदेखत. एक चमचा पाणी वाळक्या शेवाळावर टाकून भिंग लावून बसा. पाकळीसारखी मिटलेली पानं उलगडताना दिसतात. त्या हिरव्यात, उघड्या डोळ्यांना न दिसणारे टार्डिग्रेड नावाचे आठ पायांचे जीव राहतात. तेही असेच वाळून थांबतात आणि ओल आली की चालू लागतात. शाळेतला सूक्ष्मदर्शक मिळाला तर शेवाळ पाण्यात पिळून तो थेंब काचेवर घ्या.

शेवाळाशेजारी राखाडी, पिवळट, झालरीसारखे चट्टे दिसतील ते दगडफूल. आपल्या मसाल्याच्या डब्यात असतं तेच, किंवा त्याच कुळातलं. बुरशी आणि शैवाल (म्हणजे शेवाळ नव्हे, सूक्ष्म अल्गी) यांनी मिळून चालवलेला तो संसार आहे आणि तो फार सावकाश वाढतो. तळहाताएवढ्या चट्ट्याचं वय कित्येकदा घरातल्या शाळकरी मुलापेक्षा जास्त असतं. म्हणून ते खरवडायचं नाही.

मृग लागला की, म्हणजे 7-8 जूनच्या पुढं, मातीत मखमली लाल ठिपका चालताना दिसेल. तो मृगाचा किडा. तो कोळ्याच्या कुळातला आहे, आठ पाय मोजून बघा. हातावर घ्यायचा मोह होतो, पण त्याला वर्षातले थोडेच दिवस बाहेर यायला मिळतात, त्यातला वेळ आपण खाऊ नये.

परड्यात असे गुडघे टेकून बसलात की शेजारची मावशी किंवा आज्जी विचारणारच, ‘काय हुडकालीस गं?’ खरं सांगा. ‘गोगलगाय बघतेय’ म्हटलं की त्या आधी हसतात आणि मग तुम्हाला माहीत नसलेलं काहीतरी सांगतात. कुठल्या बांधावर अळंबी येते, कुठल्या विहिरीत कासव आहे, कुठल्या झाडाखाली पाय ठेवू नये. या भागात गॉब्लिनकोअर शिकायचा सगळ्यात चांगला मार्ग म्हणजे शेतात राबलेल्या बायकांजवळ बसणं. रोपलावणीला गुडघाभर चिखलात उभ्या राहणाऱ्या माणसाला चिखलाचं कौतुक शिकवायला जाऊ नका. त्यांच्याकडून ऐका.

पायरी दुसरी: जवळ काय ठेवायचं

दहा पटीचं घडीचं भिंग घ्या. या छंदात पैसे घालायची तेवढीच एक वस्तू. सोबत पेन्सिल (पावसात शाई फुटते), जाड पुठ्ठ्याची वही, प्लॅस्टिकच्या पिशवीत मोबाइल, एक फूटभर काठी, आणि रात्रीसाठी टॉर्च. पायात गमबूट. शेतीसाहित्याच्या कुठल्याही दुकानात मिळतात आणि ते फक्त चिखलासाठी नाहीत. साचलेल्या पाण्यातून लेप्टोस्पायरोसिस हा तापाचा आजार होऊ शकतो, म्हणून पायाला जखम असेल तर ती झाकल्याशिवाय पाण्यात उतरायचंच नाही.

कपड्यांसाठी खरेदी करू नका. परदेशी मंडळी तपकिरी, शेवाळी रंगाचे जुने स्वेटर शोधत फिरतात. आपल्या ट्रंकेत आजोबांचा विटका सदरा, आज्जीच्या इरकली साडीचा तुकडा आणि ठिगळं लावलेली वाकळ आहे. मातीत बसायला वाकळीचा फाटका तुकडा तर फारच चांगला. पूर्ण बाही, लांब पँट, पँटीवरून ओढलेले लांब मोजे. जांबोटीच्या पुढं जळवांसाठी हे लागतंच. तंबाखूचं पाणी मोज्यांना लावायची जुनी रीत आहे आणि निपाणी आपल्याच जिल्ह्यात असल्यानं तंबाखूची वाण नाही. जळू चिकटली तर नखानं कडेकडेनं सोडवा. मीठ टाकून किंवा चटका देऊन काढली तर ती जखमेत ओकारी करते आणि जखम चिघळू शकते.

दुकानात मिळणारे प्लॅस्टिकचे अळंबी-दिवे, रेझिनमध्ये ओतलेली फुलपाखरं, ‘खऱ्या हाडाचे’ दागिने घेऊ नका. फुलपाखरू रेझिनमध्ये गेलं त्याआधी कुणीतरी ते पकडलेलं असतं. ही आवड मुळात विकत घेण्याच्या कंटाळ्यातून जन्मली, आणि तिचाच माल करून विकणं मला मनापासून खुपतं.

पायरी तिसरी: दगड उलटायचा तो कसा

ही पायरी नीट वाचा, कारण यात चूक झाली तर ती महागात पडते.

हात कधीही दगडाखाली, ढोलीत, वाळक्या पानांच्या ढिगात घालायचा नाही. दगडाची पलीकडची कड काठीनं किंवा बुटानं उचलून दगड आपल्याकडं कलंडवा. म्हणजे खाली जे काही असेल त्याच्या आणि आपल्या मधे दगड राहतो आणि त्याला पलीकडं पळायला वाट मिळते. नाग, मण्यार, घोणस, फुरसं हे चारही साप आपल्या भागात आहेत. घाटाच्या बाजूला झुडपात बसणारा चापडाही आहे. सकाळी नीट उजाडल्यावर फिरा, संध्याकाळी टॉर्चशिवाय पाऊल टाकू नका. साप चावलाच तर जखम कापणं, चोखणं, आवळून बांधणं यातलं काही करायचं नाही. हात किंवा पाय हलू न देता माणसाला थेट सरकारी रुग्णालयात न्यायचं. लाल विंचवाबद्दलही तेच. लहान मुलाला तो चावला तर थांबून बघत बसू नका.

दगडाखाली काय दिसेल? गोम (लांबूनच बघा), वाणी (हात लावला की वेटोळं करते), गांडूळ, मुंग्यांची अंडी, गोगलगायीची मोत्यासारखी अंडी. आणि नशीब जोरावर असेल तर चोर्ला-कणकुंबीकडं देवगांडूळ. दिसायला गांडुळासारखं, पण आहे बेडकाच्या नात्यातला, पाय नसलेला उभयचर. त्याला कणा आहे, जबडा आहे, दात आहेत. 2007 मध्ये चोर्ला भागातल्या देवगांडुळाच्या एका जातीचं वर्णन झालं तेव्हा तिला म्हादईचं नाव दिलं गेलं. ज्या चिखलाला आपण पाय पुसतो त्यात असा प्राणी राहतो, आणि आपल्याच तालुक्यातल्या नदीच्या नावानं जगात ओळखला जातो, हे मला अजून नवल वाटतं.

बघून झालं की दगड होता तसाच, त्याच बाजूनं, हळूच परत ठेवा. उलटा सोडलेला दगड म्हणजे छप्पर उडालेलं घर. नवखा माणूस इथंच विसरतो, कारण फोटो काढून झालेला असतो.

पायरी चौथी: अळंबी, पण तोंडात नाही

अळंबी हे या सगळ्याचं दैवत म्हणावं लागेल. आपल्याकडं वारुळावर येणारी अळंबी खास आहे. वाळवी जमिनीखाली बुरशीची शेती करते. पानं-लाकूड चावून त्यावर ती बुरशी वाढवते आणि खाते. पावसात त्याच बुरशीची छत्री मातीतून वर येते. त्यामुळं ही अळंबी वाळवीशिवाय येत नाही आणि म्हणूनच तिची सहजी लागवड करता आलेली नाही. घाटाखाली गोव्याच्या बाजारात ती चढ्या भावानं जाते. कळीतच सगळी उपटली तर बीजाणू पडायलाच मिळत नाहीत, म्हणून काही छत्र्या पूर्ण उघडू द्यायच्या. कुणी जाणतं सोबत असेल आणि त्यानं काढली तर त्यालाही हे नम्रपणे सांगून बघा.

फोटोवरून, ॲपवरून किंवा ‘पिवळी नाही म्हणजे विषारी नाही’ असल्या ठोकताळ्यांवरून कधीच खायची नाही. विषारी अळंबीबरोबर शिजवलं की चांदीचं नाणं काळं पडतं, लसूण निळी होते, हे सगळं चुकीचं आहे. अत्यंत विषारी अळंबी शिजवूनही विषारीच राहतात आणि काहींची लक्षणं काही तास उशिरानं दिसतात, तोपर्यंत यकृताला इजा सुरू झालेली असते. लहानपणापासून तीच अळंबी त्याच वारुळावरून आणलेल्या माणसाच्या हातची खाल्ली तर ठीक. आपण बघायला आलो आहोत.

बघायचं काय ते मात्र भरपूर आहे. छत्री खालून बघा: पडदे आहेत की भोकं? देठाला चोळी आहे का? तळाशी वाटी आहे का? वास मातीचा, पिठाचा की कुजका? पडलेल्या छत्रीचं टोपण रात्रभर अर्ध्या पांढऱ्या, अर्ध्या काळ्या कागदावर पालथं ठेवा, वर वाटी झाका. सकाळी बीजाणूंची नक्षी उमटलेली असते. माझ्या मते या छंदातलं हे सगळ्यात सुंदर काम आहे आणि त्याला एक रुपया लागत नाही. शेणावर उगवणाऱ्या, एका दिवसात काळ्या शाईत विरघळणाऱ्या छत्र्या, लाकडावरचे फळीसारखे कडक कान, जेलीसारखे तपकिरी कान, हे सगळं जुलै-ऑगस्टमध्ये शहरातल्या रस्त्याकडेलाही सापडतं. सह्याद्रीत पावसाळी रात्री कुजक्या लाकडावरची काही बुरशी हिरवट उजेड देते. ती बघायची तर टॉर्च बंद करून डोळे अंधाराला सरावेपर्यंत थांबावं लागतं, आणि हे जाणत्या स्थानिक माणसासोबतच करावं.

बेडूक आणि गोगलगाय

पहिल्या मोठ्या पावसात शेताच्या डबक्यात हळदीसारखे पिवळेजर्द मोठे बेडूक दिसतील, गालाशी निळे फुगे. त्यांना कावीळ झालेली नाही. विणीच्या दिवसांत नर तसे होतात आणि थोड्याच दिवसांत पुन्हा मळकट दिसू लागतात. हे बेडूक धरणं, मारणं, खाणं कायद्यानं गुन्हा आहे. कुणी पोतं घेऊन फिरताना दिसलं तर वन खात्याला कळवा. घाटाकडं पाण्यावर झुकलेल्या पानांवर पांढऱ्या फेसाचा गोळा दिसला तर तो मलबारी उडत्या बेडकाचा. आत अंडी असतात, पिल्लं खालच्या पाण्यात पडतात. फांदी ओढून फोटो काढायचा नाही. आंबोली चंदगडच्या पलीकडं, महाराष्ट्रात. तिथल्या सड्यांवर (कातळाच्या पठारांवर) 2009 मध्ये वर्णन झालेला एक छोटा भेक (टोड) राहतो, जो आंबोलीच्या परिसराबाहेर फारसा कुठं आढळलेला नाही. तिथं गेलात तर रस्त्यावर पाय जपून ठेवा आणि रात्री गाडी हळू चालवा.

बेडकाला हात लावूच नये. लावावाच लागला, उदाहरणार्थ रस्त्यावरून बाजूला करायला, तर हात पावसाच्या पाण्यानं ओला करून. बेडूक कातडीनं श्वास घेतो. हातावरचं सॅनिटायझर, मीठ, डासांचं मलम त्याला भाजतं.

गोगलगायींबाबत एक सावधगिरी. मोठी, लांबट, तपकिरी पट्ट्यांची जी गोगलगाय झुंडीनं भाजीपाल्यावर येते ती आफ्रिकेतून आलेली आहे, पिकं खाते आणि तिच्यात माणसाला त्रास देणारा जंत असू शकतो. ती उचलून दुसऱ्या बागेत सोडू नका, फोटोसाठी हातावर घेऊ नका, चुकून लागली तर साबणानं हात धुवा. ज्या शेतकऱ्याची रोपं तिनं खाल्ली त्याच्यासमोर तिचं कौतुकही करू नका.

पायरी पाचवी: काय उचलायचं

थोडं. जे उचलाल ते आपल्या अंगणातलं किंवा रस्त्याकडेचं, माणसानं टाकलेलं किंवा निसर्गानं पूर्ण सोडून दिलेलं असावं.

आपल्याकडं हा संग्रह नवा नाहीच. काचापाणी खेळायला आपण फुटक्या बांगड्यांचे तुकडे डबीत साठवायचो. सागरगोटे, चिंचोके, कवड्या, गारगोट्या, सिगरेटच्या पाकिटाची चांदी. तीच डबी पुन्हा उघडा. खानापूरच्या कुंभारकामाच्या परिसरात आणि जुन्या कौलारू घरांच्या मागं खापराचे, कौलांचे तुकडे पडलेले असतात. पाण्यानं कडा गुळगुळीत झालेलं खापर हाताला फार छान लागतं. नदीपात्रातले, गोकाककडच्या वालुकाश्माचे लालसर गोटे, गंजके नट, जुन्या दाराच्या कड्या हे सगळं चालेल. हलशीसारख्या जुन्या देवळांच्या आवारातून मात्र एक खडाही नाही, मग तो कितीही साधा दिसो. देवराईतून काडीसुद्धा आणायची नाही हा गावांचा जुना नियम आहे आणि तो आपल्यालाही लागू.

हाडं, कातडी, शिंगं, साळिंदराचे काटे, पक्ष्यांची अंडी आणि घरटी उचलू नका. यातलं बरंचसं 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्याखाली येतं, आणि ‘पडलेलं सापडलं’ हे उत्तर चालत नाही. मोराच्या आपोआप गळलेल्या पिसाऱ्यापुरती सवलत आहे, इतर पिसं मात्र फोटोत ठेवावीत हेच बरं. भीमगड अभयारण्यातून तर पानही नाही. 2011 मध्ये घोषित झालेल्या या अभयारण्यात बारापेडे गुहा आहेत. राटन्स फ्री-टेल्ड बॅट हे वटवाघूळ 1913 मध्ये तिथल्याच नमुन्यांवरून शास्त्राला माहीत झालं, आणि जगात त्याची ठिकाणं हाताच्या बोटांवर मोजण्याइतकी आहेत. गुहेत शिरायचा विचारही करू नका. विणीच्या काळात एक टॉर्चसुद्धा वटवाघळांना पळवून लावते.

बियांचा एक धोका सांगितलाच पाहिजे. लालचुटुक, काळ्या टिपक्याची गुंज कुणालाही भुलवते. ती चावली गेली तर प्राणघातक ठरू शकते. माळ करायला भोक पाडतानाही तिची भुकटी डोळ्यांत-तोंडात जाऊ देऊ नका, आणि घरात लहान मूल असेल तर ठेवूच नका. बिब्ब्याचं तेल कातडीला लागलं तर फोड येतात, तोही बाहेरच.

घरी आणल्यावर रिकामे शंख साबणाच्या कोमट पाण्यात भिजवून, ब्रश मारून, दोन दिवस वाळवा. लाकूड कडक उन्हात आठवडाभर ठेवा, नाहीतर वाळवी पाहुणी म्हणून येईल. आपल्याकडच्या पावसाळी हवेत डबीत बुरशी धरते, म्हणून कडुनिंबाची वाळकी पानं किंवा औषधांच्या बाटलीतली सिलिका जेलची पुडी टाका. प्रत्येक वस्तूला चिठ्ठी: कुठं, कधी, कुणासोबत. चिठ्ठी नसलेला संग्रह दोन वर्षांत कचरा होतो.

शेवाळाची बरणी

लोणच्याची रुंद तोंडाची काचेची बरणी धुऊन वाळवा. तळाला बोटभर खडे, त्यावर लाकडी कोळशाचा चुरा, त्यावर दोन बोटं तांबडी माती, ओलसर पण चिखल नाही. शेवाळ स्वतःच्या गच्चीवरचं किंवा पाडायला काढलेल्या भिंतीवरचं, तळहाताएवढं. मातीवर दाबून बसवा, दाबणं महत्त्वाचं, हवा राहिली तर ते वाळतं. पाणी पावसाचं साठवलेलं फवारा; नळाच्या पाण्यातल्या क्लोरिननं कडा पिवळ्या पडतात. थेट ऊन नको, खिडकीजवळचा उजेड पुरे. काचेवर सतत दव धरलं तर झाकण दिवसभर उघडं ठेवा. पांढरी बुरशी दिसली तर घाबरू नका, पाणी कमी करा. त्यात बेडूक, गोगलगाय, मृगाचा किडा कोंडायचा नाही.

बरणीपेक्षाही माझी आवडती शिफारस म्हणजे कुजका ढीग. परड्याच्या टोकाला, घराच्या भिंतीपासून दूर, आंब्याचा किंवा फणसाचा जाड ओंडका आडवा टाका. वरून फांद्या, पालापाचोळा. त्याला हात लावू नका. पहिल्या पावसात बुरशी, दुसऱ्या वर्षी वाणी-गांडुळं, मग भेक, मग ते खायला येणारा भारद्वाज. भिंतीला चिकटून ढीग केला तर वाळवी आणि साप दोघांनाही घराची वाट सापडते, म्हणून अंतर ठेवायचं. शेजारी पाण्याची थाळी ठेवणार असाल तर पाणी दोन-तीन दिवसांनी बदला, डासांच्या अळ्या होऊ देऊ नका.

निपाणी, अथणी, रायबागकडच्यांनी काय करायचं

तुमच्याकडं शेवाळ कमी आहे म्हणून हे तुमचं नाही असं समजू नका. काळ्या रानाच्या उन्हाळी भेगांत एक वेगळंच जग राहतं. उसाच्या कुजत्या पाचटाखाली बुरशीचं पांढरं जाळं, शेणाचे गोळे लोटणारा शेणकिडा, बारीक धुळीत नरसाळ्यासारखा खड्डा करून मुंगीची वाट बघणारी मुंगीसिंहाची अळी. खड्ड्याच्या कडेला काडीनं दोन कण वाळूचे पाडा, ती आतून वाळू फेकते. कृष्णा, दूधगंगा, वेदगंगेच्या काठावर रिकामे शिंपले मिळतात. आत जिवंत प्राणी नाही याची खात्री करूनच उचला. पाचट पेटवायच्या आधी त्यात कोण राहतं हे एकदा भिंगातून बघावं, अशी तिकडच्या वाचकांना माझी कळकळीची विनंती.

वही आणि कोरडे महिने

वहीत नक्षत्रानुसार लिहा: मृगात काय, आर्द्रेत काय, मघात काय. आपल्या हवेला इंग्रजी महिन्यांपेक्षा ही विभागणी जास्त लागू पडते. चित्र वाईट आलं तरी काढा. काढताना जे दिसतं ते फोटोत दिसत नाही. मराठी नावाशेजारी कन्नड नावही मागून घ्या, जसं अळंबीला अणबे, बेडकाला कप्पे. खेडोपाडी दोन्ही बोलणारी माणसं आहेत, आणि अर्धी माहिती दुसऱ्या भाषेत राहिलेली असते. आयनॅचुरलिस्ट या निसर्गनोंदींच्या संकेतस्थळावर फोटो टाकत असाल तर दुर्मिळ प्राण्याचं अचूक ठिकाण झाकून टाका.

दिवाळीनंतर शेवाळ करपायला लागतं. घर रंगवताना ओलसर, सावलीतल्या मागच्या भिंतीचा हातभर तुकडा न खरवडता सोडा, पुढच्या वळिवाला लागतो. जानेवारीपासून मे महिन्यापर्यंत पश्चिमेकडच्या जंगलात बसायचं असेल तर गोचिडांची काळजी घ्या. माकडताप त्यांच्यातून पसरतो आणि शेजारच्या सत्तरी, दोडामार्ग भागात तो आढळलेला आहे. मेलेलं माकड दिसलं तर जवळ न जाता वन खात्याला किंवा आरोग्य केंद्राला कळवा. जंगलातून आल्यावर कपडे गरम पाण्यात, अंग तपासायचं, आणि पुढच्या दोन आठवड्यांत अचानक जोराचा ताप, अंगदुखी आली तर डॉक्टरांना ‘जंगलात गेलो होतो’ हे आठवणीनं सांगायचं.